एक्कावन्नाव्या वर्षीचे शिष्यत्व

गुरुपौर्णिमेस उत्तम शिष्याची कथा सांगावी, असा आमचा प्रघात आहे. यंदाची कथा दूरदेशीच्या एका चित्रकाराची आहे.

इ. स. १६२८ मध्ये पीटर पॉल रुबेन्स हा फ्लेमिश चित्रकार स्पेन व इंग्लंड यांच्यातील तहाच्या वाटाघाटींसाठी माद्रिदला आला. वय एक्कावन्न, कीर्ती युरोपभर, घरी साहाय्यकांनी गजबजलेली चित्रशाळा. अशा पुरुषाने राजसंग्रहातील टिशियनच्या चित्रांसमोर बसून त्यांच्या प्रती काढावयास आरंभ केला. व्हेनिसचा टिशियन निवर्तला १५७६ साली. रुबेन्स जन्मला १५७७ साली. गुरुशिष्यांची दृष्टभेट नाही. एकलव्यापुढे मातीची मूर्ती होती, याच्यापुढे रंगविलेला पट!

त्यांतील एक चित्र आदम व ईव्ह या आद्य दाम्पत्याचे. पट सुमारे २४० सेंटिमीटर उंच. ईव्ह निषिद्ध फळ घेत आहे, आदम तिला हाताने थोपवू पाहत आहे. अशी मनुष्याकृती तैलरंगांत उतरविणे म्हणजे धीराची परीक्षा. आधी रेखाटन, मग मातकट रंगांत छायाप्रकाशाची मांडणी, आणि ती वाळल्यावर तेलात कालविलेल्या रंगांचे पातळ, पारदर्शक थर. देहाची कांती एका रंगाने येत नाही. खालचा थर वरच्यातून झिरपून दिसावा लागतो. घाई केली की रंग मळतो. गुरूने कोठे हात राखला, हे नुसते पाहून कळत नाही. तोच हात स्वतः फिरवावा, तेव्हा कळते.

तथापि रुबेन्स लेखनिक नव्हता. टिशियनचा आदम मागे रेललेला. रुबेन्सचा पुढे झुकला, अधिक पिळदार झाला. झाडावर एक पोपटही येऊन बसला. जे समजले ते त्याने जसेच्या तसे घेतले. जेथे स्वतःचे मत बनले, तेथे नम्रपणे वेगळी वाट धरली.

वाचकहो, आम्ही तरुणपणी गुरुजींची आख्याने शब्दशः म्हणत असू. पुढे नाव झाले, आणि साठीनंतर दुसऱ्याचे आख्यान नव्याने पाठ करण्याची लाज वाटू लागली. या कथेने आमचे डोळे उघडले. रुबेन्सने ती प्रत १६४० साली मरेपर्यंत आपल्यापाशी ठेवली. आज मूळ चित्र व प्रत, दोन्ही माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. गुरूच्या शेजारी शिष्याला स्थान मिळाले, ते पुन्हा शिष्य होण्याची लाज न वाटल्यामुळे. आम्हीही काल जुनी वही पुन्हा उघडली आहे.