उंबरठ्याच्या दोन्ही बाजू

चित्रपटाला ‘कौटुंबिक’ हे विशेषण लागले की आपला प्रेक्षक निर्धास्त होतो. सोशिक सून, खाष्ट सासू, मध्यंतरापर्यंत अश्रू आणि अखेरीस सर्वांचे मनोमीलन, हा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. परंतु ज्या चित्रपटांनी विवाहसंस्थेला खरोखर प्रश्न विचारले, त्यांनी प्रेक्षकाला असे सुखासुखी घरी जाऊ दिले नाही.

१९३७ साली व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी ‘कुंकू’ दिग्दर्शित केला. आधार होता ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीचा. वृद्ध विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला पती मानण्यास नकार देते. शांता आपटे यांचा तो ताठ नकार त्या काळी धाडसाचाच होता. तथापि आम्हांस त्याहून मोलाचे वाटते ते हे की, केशवराव दात्यांच्या काकासाहेबांना चित्रपटाने राक्षस ठरविले नाही. त्यांना आपला अपराध उमगतो, आणि उमगल्यावर एकच वाट दिसते: आत्मघाताची. पतीच्या मरणावाचून नीरेची सुटका त्या कथेला सुचली नाही. सुचणार तरी कशी? देशाच्या बहुतेक भागांत हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळावयास १९५५ साल उजाडावे लागले.

डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’मध्ये (१९८२) मात्र कोणी मरून पेच सोडवीत नाही. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. सुशिक्षित, सुस्थित घरातील सुलभा महिला सुधारगृहाची अधीक्षिका होऊन दूर जाते. लहानगी राणी जावेजवळ राहते. तेथील कारभाराशी झगडून, राजीनामा देऊन ती परतते, तेव्हा पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. तो ते लपवीतही नाही! गिरीश कार्नाडांनी हा सभ्य, मृदुभाषी वकील इतका खरा उभा केला आहे की, त्याच्यावर रागावणेही कठीण व्हावे.

‘पोरीला टाकून गेली’ हा शेरा सुलभेवर सहज मारला जातो. पुरुष नोकरीसाठी आफ्रिकेस किंवा आखातात वर्षानुवर्षे राहिला, तर त्याने मुले टाकली असे आपल्या गोव्यात कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही. विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर संपत्तीत पत्नीचा निम्मा वाटा मानणारा, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा येथे आजही चालतो. त्याचा आम्हांस अभिमान आहे. पण सुलभेने संपत्ती मागितलीच कोठे? तिला हवे होते काम आणि कामावरून परतण्यास घर, म्हणजे तिच्या पतीला न मागता मिळाले होते तेवढेच. स्मिता पाटील यांची सुलभा अखेरीस आगगाडीत बसते, आणि राणी त्याच घरात मागे राहते.