पोटातला द्रव आणि साखरेचा हिशेब

दाणे काढलेले मक्याचे बुरकुंड, हाडाचा टोकदार तुकडा, दोऱ्यासकट सुई... कुत्रा काय गिळेल याचा नेम नसतो. अशी वस्तू आतड्यात अडकून तिथे भोक पडले, तर आतड्यातील जीवाणू पोटाच्या पोकळीत उतरतात. पोकळीच्या पातळ अस्तराला सूज येते आणि द्रव साठू लागतो. मादीचे पूने भरलेले गर्भाशय फुटले तरी हेच घडते. या विकाराला सेप्टिक पेरिटोनायटिस म्हणतात.

कुत्रा खाणे सोडतो, ओकतो, मलूल होतो. पण ही लक्षणे इतर आजारांतही दिसतात. सोनोग्राफीत द्रव दिसतो. तो जंतुसंसर्गामुळे साठला आहे, हे कसे ओळखायचे?

पशुवैद्य सुईने थोडा द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पांढऱ्या पेशींनी गिळलेले जीवाणू दिसले, तर निदान पक्के होते. ते दिसले नाहीत, तर साखर मदतीला येते.

ग्लुकोजचा रेणू लहान असल्याने तो रक्तातून या द्रवात सहज जातो. म्हणून एरवी दोन्हीकडे ग्लुकोज जवळपास सारखेच असते. संसर्ग झाला, की जीवाणू आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी द्रवातील ग्लुकोज भराभर वापरतात. समजा, १०० मिलिलिटर रक्तात ९५ मिलिग्रॅम आणि तेवढ्याच द्रवात ४० मिलिग्रॅम ग्लुकोज आढळले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, हा फरक २० मिलिग्रॅमहून अधिक असेल तर संसर्गाची दाट शंका घ्यावी. त्याच वेळी द्रवात लॅक्टेट वाढते. दुधाचे दही होतानाही जीवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्लच बनवतात!

मग नुसती प्रतिजैविके का पुरत नाहीत? भोक उघडे असेपर्यंत जीवाणूंची भर पडतच राहते. म्हणून आधी शिरेतून सलाईन आणि प्रतिजैविके देऊन कुत्र्याला सावरतात. मग शस्त्रक्रियेने भोक बंद करतात, किंवा आतड्याचा खराब भाग वा गर्भाशय काढतात, आणि कोमट सलाईनने पोकळी धुतात. द्रवातील जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून नेमके औषध ठरवतात. एवढे करूनही अनेक कुत्रे दगावतात. म्हणून उशीर करू नये. माणसांची वेदनाशामके तर मुळीच देऊ नयेत. आयब्युप्रोफेनमुळे कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन तिथेही भोक पडू शकते.

आता वर्गात हा प्रश्न विचारून पाहा : द्रव फारच थोडा असेल, तर पशुवैद्य पोकळीत सलाईन सोडून ते परत काढतात. अशा नमुन्यावर साखरेची ही तुलना का चालणार नाही?