पोटगीची तक्रार : तोंडी नको, लेखी हवी

‘वकीलबाई, मुलाची पोटगी मंजूर झाली, पण हातात एक पैसा नाही,’ असं सांगणाऱ्या बायका माझ्याकडे नेहमी येतात. त्यांतलीच एक आठवते. तिला सरकारकडून मोफत वकील मिळाला होता. ती विचारायला गेली की ‘बघू’ एवढंच उत्तर मिळे. असे चौदा महिने गेले. वसुलीचा अर्ज झालाच नव्हता.

इथं कायद्याची एक मेख आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ प्रमाणे (२०२४ पर्यंतचं कलम १२५) थकलेल्या रकमेसाठी वॉरंट हवं असेल, तर ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणजे ‘बघू’मध्ये तिचे पहिले दोन महिने हातचे गेले. लेकराच्या शाळेची फीच म्हणा ना!

मग तक्रार कुठे करायची? आधी तक्रार कशाची, ते ठरवा. पोटगीची रक्कम कमी वाटत असेल, तर ती तक्रार नव्हे. त्यासाठी वरच्या कोर्टात दाद मागायची किंवा परिस्थिती बदलल्याचं दाखवून वाढीचा अर्ज करायचा. मोफत वकील काम करत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना लिहा आणि वकील बदलून मागा. स्त्रियांना आणि मुलांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते. पोलीस वॉरंट बजावत नसतील, तर ज्या कोर्टानं ते काढलं तिथं लेखी कळवा, आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांना द्या. शहरात असाल तर पोलीस आयुक्तांना.

अर्जात खटल्याचा क्रमांक, आदेशाची तारीख, थकलेले महिने आणि आपण कधी, कुणाला भेटलो ते लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्याच. पोच नसेल, तर तुम्ही गेलात याला पुरावा काय?

‘तो तुरुंगात जाऊन आला, आता पैसे बुडाले’ असंही काही जणी समजतात. तसं नाही. तुरुंगवासानं थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच स्पष्ट केलं आहे.

त्या बाईला पुढे वकील बदलून मिळाला, वर्षभराच्या थकबाकीचा अर्जही झाला. तिच्या पिशवीत आता एक वही असते, तारखांची. तुम्हीही आजच एक वही घाला. अडचण आली तर १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आहेच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)