नाण्याला भोक पाडण्याआधी…

ट्रॅडिशनल डे आला की आमच्या हॉस्टेलमध्ये जुन्या रुपयांच्या माळा, पेंडंट, कानातले ट्रंकेतून बाहेर निघतात. "पणजीचे राणीछाप आहेत, आता लाखात जातील!" हे वाक्य दर वर्षी ऐकू येतं. मी नाणी जमवते, म्हणून खरं-खोटं मलाच विचारतात. त्याचं हे उत्तर.

आधी थोडं गणित. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. रुपयाचा व्यास साधारण ३० मिमी. त्याला २ मिमीचं भोक पाडलं तर किती धातू जातो? क्षेत्रफळाचं गुणोत्तर काढा : अर्धा टक्कासुद्धा नाही! म्हणजे चांदीच्या भावात फरक जवळजवळ शून्य.

पण नाणी जमवणारा चांदी विकत घेत नाही. तो तीन गोष्टी बघतो : नाणं किती दुर्मिळ, कुठल्या अवस्थेत आणि किती जणांना हवंय. नाण्यांची अवस्था १ ते ७० अशा ग्रेडमध्ये मोजतात. भोक असलेल्या, कडी सोल्डर केलेल्या किंवा घासून चमकवलेल्या नाण्याला ग्रेडिंग कंपन्या साधा ग्रेड देतच नाहीत, सरळ दोष लिहितात. भोक बुजवलं तरी तोही दोषच.

पॉलिशने काय बिघडतं, हे मेकॅनिकलवाल्यांना पटकन कळेल. डायखाली ठोकताना धातू वाहतो आणि पृष्ठभागावर बारीक रेषा उमटतात. नव्या नाण्याची चमक त्यांच्यामुळे असते. बफिंग व्हील लागलं की त्या रेषा गेल्या, परत येत नाहीत. पॉलिशची चमक वेगळी असते, जाणकार लगेच ओळखतो.

मग दागिना करूच नये का? तसं नाही. झिजलेला, सहज मिळणारा रुपया बहुतेक चांदीच्याच भावाच्या आसपास जातो, तो खुशाल गळ्यात घाला. पण आधी साल वाचा. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा मुंबई टांकसाळीचा रुपया फार दुर्मिळ आहे. त्याला भोक पाडणं म्हणजे कहरच! १९४० पासूनच्या रुपयात चांदी फक्त ५० टक्के, आणि १९४७ चा तर निकेलचा. लोहचुंबक लावा, चिकटेल.

आमच्या घरीही सध्या हाच वाद चालू आहे. ताईच्या लग्नासाठी आजीच्या डब्यातल्या रुपयांचा हार करायचा, असं आईच्या मनात आहे. मी सुचवलंय की गुळगुळीत झालेले हाराला द्यायचे, ठसा स्पष्ट असलेले बाजूला ठेवायचे. अगदीच घालायचं असेल तर सोनाराकडून नुसती कडेने पकडणारी फ्रेम करून घ्यायची, भोक नको आणि सोल्डरही नको. तरी घाम आणि घर्षण आहेच, म्हणून रोज वापरायचं नाही. आजी अजून काही बोललेली नाही!

आणि ज्यांच्याकडे जुनी माळ आधीच आहे, त्यांनी नाणी 'वाचवायला' ती मोडू नये. कडी काढली तरी सोल्डरचा डाग राहतो. नाण्याची किंमत परत येत नाही, आणि माळही जाते. आपल्याकडे व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांना त्यांच्यावरच्या आकृत्यांमुळे पुतळी म्हणायचे, पुतळ्यांची माळ हे नाव त्यातूनच आलं. तेव्हा माळेलाही स्वतःचा इतिहास असतो.

थोडक्यात, सोनाराकडे जायच्या आधी भिंग घ्या. भोक पाडायला दोन मिनिटं पुरतात, पण ते बुजत मात्र नाही.