सायकलवरील एक दिवस

प्रवासाची साधने आज अनेक आहेत. परंतु ज्याला एखादा मुलूख नीट पाहावयाचा आहे, त्याने एकदा तरी सायकलची सोबत करावी. पायी चालणारा तासाला चार-पाच किलोमीटर जातो. सायकलस्वार सपाट रस्त्यावर तेवढ्याच वेळात पंधरा किलोमीटर सहज काटतो. मोटारीतून शेते नुसती पळताना दिसतात. सायकलवरून ती निवांत पाहता येतात आणि भूमीचा चढउतार तर प्रत्यक्ष पायांनाच कळतो.

पुण्याहून दिवेघाट, सासवड, जेजुरी व वाल्हे या मार्गाने नीरा गावी जाणे, हा असा एका दिवसाचा प्रवास होय. अंतर सुमारे ७० किलोमीटर. आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वरांची पालखी याच वाटेने जाते. काही वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातील एका पहाटे, मी व माझे दोन मित्र या वाटेने निघालो. जवळ हवेचा पंप, रबराची ठिगळे, ती चिकटविण्याचे सोल्युशन, पाणी आणि गूळ-शेंगदाणे एवढीच सामग्री होती.

दिवेघाट लागताच श्वास फुलू लागला. सपाटीवर सायकलस्वाराला मुख्यतः हवेचा व रस्त्याचा विरोध सोसावा लागतो. चढावर मात्र स्वतःचे व सायकलचे सारे वजन वर उचलून न्यावे लागते. अखेर आम्ही खाली उतरलो व सायकली हातांनी ढकलीत माथा गाठला. मागे वळून पाहिले, तो पायथ्याशी मस्तानी तलाव कोवळ्या उन्हात चकाकत होता.

घाटमाथ्यावर पुरंदरचा मुलूख सुरू होतो. सह्याद्रीच्या पश्चिमेकडील भागात मनसोक्त बरसलेले ढग येथवर येताना बहुधा रिते झालेले असतात. म्हणून येथील शेतकरी विहिरीचे पाणी जपून वापरतो व त्यावर अंजीर आणि सीताफळे पिकवितो. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच कष्टांचे फळ होय. कऱ्हाकाठचे सासवड मागे पडले, जेजुरीच्या गडाला आम्ही खालूनच हात जोडले आणि दौंडजची खिंड ओलांडली. दोन्ही बाजूंस कोरडवाहू शाळू पोटऱ्यात आलेला होता.

वाल्ह्याच्या अलीकडे माझ्या मागच्या चाकातील हवा गेली. पंक्चर शोधण्यास पाणी हवे. रस्त्यालगतच्या वस्तीवर एक आजीबाई होत्या. त्यांनी घरातील हंड्यातून घमेलेभर पाणी काढून दिले. हवा भरलेली ट्यूब त्यात बुडवून हळूहळू फिरविली. जेथून बुडबुडे निघाले, तेथे छिद्र सापडले. ती जागा कोरडी करून घासली, सोल्युशन लाविले व ठिगळ दाबून बसविले. काम आटोपल्यावर मी घमेले अंगणात रिते करणार, इतक्यात आजीबाई म्हणाल्या, “असं सांडू नको, बाबा. त्या लिंबोणीच्या बुडाशी घाल.” मी ओशाळलो आणि पाणी लिंबोणीला घातले.

पुढे उतार लागला. दोन्ही ब्रेक थांबून थांबून दाबीत आम्ही नीरेच्या खोऱ्यात आलो. गावाच्या अलीकडेच नीरा डावा कालवा आडवा येतो. कालव्याच्या वरच्या अंगास कोरडे माळ होते. खालच्या अंगास नदीपर्यंत हिरवागार ऊस डोलत होता. माती तीच, ऊनही तेच. मग हा भेद का? भाटघर व वीर या धरणांचे पाणी कालव्यातून केवळ उताराने वाहते. त्यामुळे कालव्याखालची शेते सहज भिजतात. वरच्या शेतांना मात्र ते आपोआप मिळत नाही. उपसा योजनांनी पाणी वर चढविता येते. पण त्यासाठी पंप लागतो, वीज लागते आणि पैसाही लागतो. वजन वर न्यावयाचे तर बळ खर्चावे लागते, हा जो नियम सकाळी घाटात आमच्या पायांना कळला होता, तोच पाण्यालाही लागू आहे.

सायंकाळी आम्ही नीरेच्या पुलावर उभे राहिलो. उसाच्या गाड्या रांगेने चालल्या होत्या आणि खाली नदी संथ वाहत होती. ते भरलेले पात्र पाहताना मला राहून राहून आजीबाईंचे ते घमेले आठवत होते. येथून त्यांची वस्ती काही फार दूर नव्हती. ती केवळ चढावर होती.