मातृत्वाचा भार कोणी वाहावा?

कलकत्त्याजवळ हुगळीच्या दोन्ही तीरांवर तागाच्या गिरण्यांची जी रांग उभी राहिली, तिच्यात हजारो स्त्रिया राबत असत. प्रसूतीचे दिवस जवळ आले, की मजुरीवर पाणी सोडून घरी बसावे अथवा अंगावर काढून कामावर यावे, एवढ्या दोनच वाटा त्यांच्यापुढे असत. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने या काळात स्त्रीला विश्रांती व निर्वाहवेतन मिळावे, आणि तो खर्च सरकारी निधीतून किंवा विम्यातून भागवावा, असे ठरविले. हिंदुस्थानातील विधिमंडळांपुढे मग एकच वादाचा मुद्दा उरला : हा पैसा द्यायचा कोणी?

कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले. ते पुढील वर्षी फेटाळले गेले. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात तशाच विधेयकाची चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे. म्हणून तिचा बराचसा भार वास्तविक सरकारने उचलावा, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. परंतु स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो. तेव्हा त्याच्यावर हा भार टाकणे अन्यायाचे नाही, असेही त्यांनी दाखवून दिले. पुढे मजूरमंत्री या नात्याने खाणींतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभ कायद्याच्या दुरुस्त्या १९४३ व १९४५ साली त्यांनीच मांडल्या.

मुंबईचा कायदा १९२९ साली झाला; बंगालला त्यासाठी १९३९ साल उजाडावे लागले. दोन्हीकडे खर्च मालकाच्या माथी आला, सरकारी तिजोरी मोकळी राहिली. त्याचा परिणाम दुहेरी झाला. कामावर असलेल्या स्त्रीला आधार मिळाला. पण स्त्रीला कामावर घेणे म्हणजे जादा खर्च, असा हिशोबही मालक करू लागले. तागाच्या गिरण्यांतील स्त्रियांची संख्या पुढील दशकांत सारखी घटत गेली. त्याला यंत्रसुधारणा, रात्रपाळीवरील बंदी अशी इतर कारणे होतीच. तरी प्रसूतिलाभाचा खर्च हेही त्यांपैकी एक होते, असे अभ्यासक सांगतात. जो कायदा स्त्रीच्या रक्षणासाठी, तोच तिची भाकरी हिरावण्याचे निमित्त ठरावा, हा दैवदुर्विलासच होय.

१९४६ साली बंगालच्या विधिमंडळातील सभासदांच्या मतांवरच डॉ. आंबेडकर प्रथम घटना समितीत गेले. पुढे राज्यघटनेच्या ४२व्या अनुच्छेदाने प्रसूतिसाहाय्याची तरतूद करण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर सोपविली. मात्र हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या आधारे न्यायालयातून हक्क वसूल करता येत नाही. १९४८च्या राज्य विमा कायद्याने मालक व कामगार यांच्या वर्गणीचा सामाईक निधी उभारला, तेव्हा एकेका मालकावरील ओझे हलके झाले. उलट १९६१च्या प्रसूतिलाभ कायद्याने ते पुन्हा मालकावरच ठेवले. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली, तेव्हाही वेतनाचा भार त्याच्याकडेच राहिला.

म्हणून लोकप्रतिनिधीची पारख करताना, त्याने मातेच्या बाजूने मत दिले की नाही, एवढेच पाहून भागत नाही. त्या मताबरोबर खजिन्याची किल्लीही त्याने पुढे केली का, हेही पाहावे लागते.