मन पळणारच, बसायचं तरीही रोज

ध्यानाला बसायला सुरुवात केलेले अनेकजण थोड्याच दिवसांत ते सोडून देतात आणि कारण सांगतात, ‘मन शांत होत नाही.’ व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग अशांनी जरूर समजून घ्यावेत. त्यांत माणसांना रिकाम्या खोलीत, हाती काहीही न देता, सहा ते पंधरा मिनिटं एकटं बसवलं होतं. अनेकांना ते नकोसं झालं. एका प्रयोगात तर १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी सहाजणींनी त्या वेळात स्वतःला विजेचा झटका देऊन घेतला; तोच झटका टाळण्यासाठी पदरचे पैसे देऊ, असं त्यांनीच आधी सांगितलं होतं. स्वस्थ बसणं जड जातं ते आपण दुबळे असतो म्हणून नव्हे, मनाची घडणच तशी आहे. लक्ष श्वासावर ठेवावं, ते सुटावं, सुटल्याचं ध्यानात यावं आणि चिडचिड न करता ते परत श्वासावर आणावं, हाच तर सगळा सराव. मन वीस वेळा पळालं, तर तो सराव वीस वेळा घडला.

म्हणूनच एका बैठकीच्या लांबीपेक्षा रोज बसण्याला मी अधिक मोल देतो. इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं विपश्यना शिबिर दहा दिवसांचं असतं. त्यात आर्य मौन पाळावं लागतं आणि पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे नुसतं पाहणं, एवढंच चालतं. शिबिरानंतर घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. पण त्या तासामागे दहा दिवसांची तयारी असते. घरीच सुरुवात करणाऱ्याने दहा मिनिटंच धरावीत, मात्र तोंड धुतल्यावर, चहाच्या आधी, अशी एखाद्या रोजच्या कामाला जोडून. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. बहुतेक सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या, हे खरं. तरी एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हा त्यातला निष्कर्ष ध्यानालाही लागू पडावा.

याने खरंच काही होतं का, ही शंका रास्त आहे. माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ४७ चाचण्या तपासल्या, तेव्हा चिंता, नैराश्य आणि वेदना काहीशा कमी होतात याला मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचं मात्र दिसलं नाही. तेव्हा ध्यान सुरू केलं म्हणून चालू गोळ्या बंद करू नयेत, आणि गंभीर मानसिक आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. राहता राहिली तक्रार, की दोन खोल्यांच्या घरात शांतता आणायची कुठून? मौन आपण पाळायचं असतं, शेजाऱ्यांनी नाही. कुकरची शिट्टी झाली, लक्ष तिकडे गेलं, तर तेही ओळखून श्वासाकडे परतता येतं. मांडी घालवत नसेल तर खुर्ची चालते. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत ठेवावा.